शेवटून पहिली

माझ्या धाकट्या दिराला घरात सगळे चॅम्पियन म्हणतात. लहानपणी कुणीतरी चेष्टेने हे नाव ठेवलं होतं; त्याने ते मनावर घेतलं. चाळिशी उलटल्यावर त्याने एक महागडी सायकल घेतली, मग तिला जोड म्हणून दुसरी घेतली, मग वारा अडू नये म्हणून पायांवरचे केस काढून घेतले, तेही माझ्याच दुकानात, पडदा ओढून. आणि गेल्या वर्षी तो ट्रायथलॉन नावाची शर्यत पुरी करून आला. आधी तळ्यात पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकलवरून उतरलं की पळत सुटायचं. पुढच्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला तो पदक गळ्यात घालूनच. सूप पिताना पदक वाडग्यात बुडलं, तरी त्याने ते काढलं नाही. नुसतं पुसलं.

टेबलाशी आम्ही चौघंच होतो. मी, माझा नवरा, सासूबाई आणि चॅम्पियन. तळ्याचं पाणी किती गार होतं, चढावर कोण कसं मागे पडलं, हे सगळं दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मी सहज म्हटलं, "मजा दिसते की. मलाही करून बघायला हवं एकदा."

चॅम्पियनने माझ्याकडे बघितलं आणि हसला. "वहिनी, ते तुमचं काम नव्हे."

"का बरं?"

"अहो, दुकानातून घरी चालत आलात तरी तुम्हाला आधी खुर्ची लागते!"

सासूबाई हसल्या. त्यांचं मला काही वाटलं नाही. त्या कुणावरही हसतात. पण माझा नवरा हसला, तोंडातला घास सांभाळत, खांदे हलवत. ते मला लागलं.

मी केस कापते. दुकान माझं स्वतःचं आहे. तीन खुर्च्या, दोन आरसे आणि डोकं धुवायचं एक बेसिन. दिवसभर मी उभी असते आणि माझ्यापुढे सगळं गाव बसलेलं असतं. त्यामुळे संध्याकाळी मला खुर्ची लागते हे खरंच होतं. पण खरं आहे म्हणून काय झालं? खरं बोलून हसणाऱ्याचा मला जास्त राग येतो.

"पुढची शर्यत कधी आहे, भाऊजी?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी, ह्याच सुमाराला. का?"

"माझं नाव घाला."

आता कुणीच हसलं नाही. सासूबाईंनी ब्रेडचा तुकडा मोडता मोडता एवढंच म्हटलं, "पळायचं होतं तर लग्नाआधी पळायचं होतं. आता काय उपयोग?"

खरी अडचण ही होती की मला पोहता येत नव्हतं. सायकल मी शाळेत असताना चालवली होती, आणि पळण्याबद्दल म्हणाल तर बस सुटतेय असं दिसलं की पुढच्या बसची वाट बघणारी बाई मी. पण बोलून बसले होते. तोंडातून सुटलेला शब्द आणि कात्रीखाली आलेला केस, दोन्ही परत चिकटवता येत नाहीत.

दुकानात बातमी पसरायला एक सकाळ पुरली. न्हाव्याच्या नाहीतर केशकर्तनकारणीच्या खुर्चीत बसलं की माणसाला सल्ला द्यायची उबळ येते, का कोण जाणे. एकीने गुडघ्यांची काळजी घ्यायला सांगितलं. एकीने तिच्या लांबच्या नात्यातला माणूस पळता पळता कसा गेला ते रंगवून सांगितलं. आमच्या भागातल्या शाळेच्या हेडबाई दर महिन्याला येतात. त्या आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "या वयात? आणि या... म्हणजे, अशा अंगाने?"

मी त्यांच्या कानाजवळ नेलेली कात्री तशीच उघडी धरली. "काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं."

"काही नाही," हेडबाई म्हणाल्या. "मागून थोडे कमी करा."

पोहायला शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची होती. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर सुट्टी म्हणून कधी नाही. मी मनात तिचं नाव शिट्टी ठेवलं. पोहण्याच्या तलावाच्या उथळ टोकाला लहान मुलांचा वर्ग चालायचा, त्यातच तिने मला घातलं. पाणी माझ्या कमरेइतकं होतं. मुलं माझ्याभोवती बदकांसारखी फिरायची, आणि मी काठ दोन्ही हातांनी धरून उभी असायची.

"डोकं पाण्यात घाला," शिट्टी म्हणाली.

"उद्या घालते."

"काल पण तुम्ही हेच म्हणालात."

डोकं पाण्यात घालायच्या कल्पनेनेच मी काठ आणखी घट्ट धरायची. गंमत बघा, आयुष्यभर मी लोकांची डोकी नळाखाली धरत आले. स्वतःचं घालायची वेळ आली तर बोबडी वळली. एक पोरगी, जेमतेम सहा वर्षांची असेल, नाक धरून बुडी मारून वर आली आणि मला म्हणाली, "सोप्पंय, मावशी." मी तिला म्हटलं, "तुझ्या डोक्यावर केस किती, माझ्या डोक्यावर किती!" हे काही उत्तर नव्हतं, पण तिला पटलं.

शिट्टीने मात्र मला बरोबर पकडलं. एके दिवशी ती स्वतः पाण्यात उतरली आणि विचारलं, "दुकानात डोकं धुताना लोकांना काय सांगता?"

"मान सैल सोडा म्हणते. डोक्याचं वजन माझ्या हातात द्या म्हणते."

"आणि देतात?"

"पहिल्यांदा कुणीच देत नाही. मग हळूहळू देतात."

"मग द्या," ती म्हणाली आणि माझ्या मानेखाली तिने तळवा धरला.

मी पाठीवर आडवी झाले. कानात पाणी शिरलं, मुलांचा गलका एकदम लांब गेला. छताचे पत्रे दिसत होते, एका पत्र्याला गंज चढला होता. किती वेळ गेला कोण जाणे. केव्हातरी तिने हात काढून घेतला होता आणि मी तरंगत होते. ते कळल्याबरोबर मी घाबरून बुडाले, चिक्कार पाणी प्यायले आणि खोकत उभी राहिले. पण तरंगले होते, त्याला साक्षीदार होते. सहा वर्षांच्या पोरीने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर शिकले मी. सुंदर पोहत नाही. शिट्टीच्या शब्दांत सांगायचं तर, "तुम्ही पाण्याशी भांडता, पण जिंकता." मला एवढं पुरे होतं.

सायकलचं वेगळंच नाटक झालं. चॅम्पियनने त्याची जुनी सायकल देऊ केली, म्हणजे अगदी उदार होऊन. मी नको म्हटलं. आमच्या जिन्याखाली नवऱ्याची एक सायकल पडून होती, मागे कॅरियर, पुढे टोपली, हँडलला घंटा. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. जन्मभर लोकांना न चढता वर पोचवण्यात गेलेला माणूस. बायको आपणहून चढ चढायला निघाली आहे हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्या दिवशी जेवताना हसल्यापासून तो जरा बेतानेच बोलत होता. एका रविवारी मी खाली गेले तर तो सायकल उलटी करून बसला होता, हात काळे झालेले.

"चेन बदलली," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "टोपली काढली, स्टँड पण काढला. वजन कमी होईल."

"स्टँड परत लाव."

"अगं, शर्यतीच्या सायकलला स्टँड नसतो."

"मग मी ती उभी कुठे करू? झाडावर?"

त्याने मुकाट्याने स्टँड परत लावला. घंटा मी काढू दिलीच नाही. टोपलीवर पाणी सोडलं.

पळणं सगळ्यात कठीण, कारण ते लोकांदेखत करावं लागतं. पाण्यात निदान तोंड तरी लपतं. भल्या सकाळी मी गल्लीतून पळायला लागले की कुणी ना कुणी दार उघडून विचारायचं, "काय झालं? कुणी मागे लागलंय का?" दूधवाला त्याच्या गाडीवरून माझ्या शेजारून जाताना वेग कमी करायचा आणि म्हणायचा, "सोडू का कुठे?" सासूबाई बाल्कनीत चहा घेऊन बसायच्या. मी खालून एकदा गेले, वळसा घालून पुन्हा गेले की वरून आवाज यायचा, "अजून इथंच आहेस होय!" एकदा मी थांबून वर ओरडले, "आई, चेष्टा करायची तर खाली येऊन करा!" त्या म्हणाल्या, "इथून तू जास्त चांगली दिसतेस."

पण वर्ष सरता सरता मी थांबायची ती चौकापर्यंत गेल्यावर, मग बागेपर्यंत, मग बागेला वळसा घालून. अंग फारसं उतरलं नाही. सगळ्यांना त्यातच रस होता. "किती कमी झालं?" असं विचारणाऱ्याला मी सांगायची, "तुमचा सल्ला सोडून काहीच कमी झालेलं नाही."

शर्यत आठवड्यावर आली तेव्हा चॅम्पियन दुकानात आला. केस वाढलेले नव्हते, तरी खुर्चीत बसला. मी कापड गुंडाळलं.

"वहिनी, एक सांगू? रागावू नका."

"बोला."

"या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षी नीट तयारी करून उतरा."

"माझी तयारी नीट झालीय."

"तसं नाही हो. तिथे वेळेची मर्यादा असते. तेवढ्यात पोचलं नाही तर मागून गाडी येते आणि उचलून नेते. झाडूगाडी म्हणतात तिला. उगाच तुम्हाला..."

"मला काय?"

तो आरशात स्वतःकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्या क्लबातली सगळी मंडळी असणार. यादीत आडनाव एकच दिसतं ना. कुणीतरी विचारतंच, ही कोण म्हणून."

आता कळलं. माझ्या गुडघ्यांची काळजी नव्हती, त्याच्या नाकाची होती. मी कापडाची गाठ सोडली.

"भाऊजी, ते आडनाव तुम्हाला जन्मतःच आयतं मिळालं. मी ते पंचवीस वर्षं वापरलंय, धुतलंय, दुकानाच्या पाटीवर लावलंय. तुमचं जितकं आहे तितकंच माझं. आणि कुणी विचारलं ही कोण, तर सांगा, माहीत नाही म्हणून. माझी काही हरकत नाही."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तुम्ही फार मनाला लावून घेता."

"घेते," मी म्हटलं. "आणि केस तुमचे वाढलेले नाहीत. पुढच्या महिन्यात या."

शर्यतीच्या दिवशी तळ्याकाठी जमलेली माणसं मी बघून घेतली. सगळे काळ्या घट्ट कपड्यांत, वाळलेल्या खारकांसारखे. माझा पोशाख मी दोन पोशाख उसवून एकत्र शिवला होता, कारण माझ्या मापाचा पोशाख विकणारा दुकानदार म्हणाला होता, "या मापात कुणी शर्यत करत नाही." हातावर काळ्या शाईने नंबर लिहून घेतला, घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधली. घरची दोघं काठावरच्या गर्दीत उभी होती. नवऱ्याच्या हातात माझी पर्स, सासूबाईंच्या हातात घडीची खुर्ची. "दिवसभराचं काम दिसतंय," त्या म्हणाल्या. "मी बसायची सोय करून आलेय."

भोंगा वाजला आणि सगळे एकदम पाण्यात पडले. पहिल्याच झटक्यात कुणाची तरी टाच माझ्या गालावर बसली. मी पाणी प्यायले, डोळ्यांवरचा चष्मा सरकला, आणि वाटलं, संपलं. पण मग राग आला. रागाचा एक फायदा असतो, तो भीतीला बसायला जागा देत नाही. मी पाठीवर वळले, श्वास लागेपर्यंत आभाळाकडे बघत पाय मारले आणि मग पालथी होऊन निघाले. बराच वेळ छान चाललं. इतकं छान की शेजारी कुणीच नव्हतं. तेवढ्यात होडीतला माणूस ओरडला, "अहो बाई! शर्यत तिकडे आहे!" मी तळ्याच्या भलत्याच काठाकडे निघाले होते. वळले, त्याला हात केला आणि परत सरळ पोहू लागले.

पाण्यातून बाहेर आले तेव्हा माझ्या मागे फक्त होडीच होती. सायकली ठेवलेल्या जागी एकच सायकल उरली होती, स्टँडवर ताठ उभी. बाकीच्या लोकांनी आपापले टॉवेल फेकून पळ काढला होता. मी पाय पुसले, मोजे-बूट घातले, कमरेला नंबराचा पट्टा बांधला आणि पिशवीतून कंगवा काढला.

"बाई, काय करताय?" शिट्टी वाजवत एक पंच धावत आला. "घड्याळ चालू आहे!"

"चालू दे. माझं दुकान आहे केसांचं. अशा अवतारात गावातून गेले तर सोमवारी माझ्याकडे कोण येईल?"

त्याने डोक्याला हात लावला. मी भांग पाडला, हेल्मेट घातलं आणि निघाले. हेल्मेटखाली भांगाचं काय झालं असेल ते सोडा; मला तो आहे हे ठाऊक होतं.

सायकल मी मजेत चालवली, खोटं कशाला बोलू. रस्ता बंद केलेला, एकही गाडी नाही, दोन्ही बाजूंना लोक. मी घंटा वाजवत जायची आणि लोक आनंदाने ओरडायचे. चढावर एक उंच गृहस्थ उतरून सायकल ढकलत चालला होता. त्याची सायकल चॅम्पियनच्या सायकलसारखी, नाजूक आणि महाग. मी डुगडुगत त्याच्या बाजूने वर गेले. घंटा वाजवली. वाजवायची गरज नव्हती, पण एवढ्या वर्षभराच्या मेहनतीनंतर माणसाला थोडी हौस असते. पुढे उतारावर तो मला सोडून निघून गेला. जाऊ दे. चढावर मी पुढे होते.

पळायला उतरले तेव्हा मात्र पाय माझे राहिले नव्हते. कुणीतरी दोन ओले ओंडके कमरेला बांधून दिल्यासारखं वाटत होतं. मी पळत होते म्हणजे काय, तर चालण्यापेक्षा जरा जास्त हलत होते. दुसऱ्या दिशेने पळणारी माणसं केव्हाच संपली. पाण्याचे पेले वाटणारे टेबलं घडी करत होते. मागून एका गाडीचा आवाज येऊ लागला, अगदी हळू, माझ्याच वेगाने. मला वळून बघायची गरज नव्हती.

झाडूगाडी माझ्या शेजारी आली. खिडकीत एक माणूस, हातात झेंडा. आवाज गोड होता.

"बाई, या, बसा. वेळ संपली."

"तुमची संपली असेल."

"सगळ्यांचीच संपली. आता रस्ता वाहतुकीला खुला करायचाय."

"करा की."

"तुम्ही रस्त्यात आहात."

मी थांबले. खांबाला हात टेकला. गाडीत मागे दोन तरुण माणसं बसली होती, खाली मान घालून, केळी खात. रिकामी जागा खिडकीजवळची होती. खोटं का सांगू, त्या जागेकडे मी बघितलं. सीटला मऊ कापड होतं.

"नाही बसले तर काय होईल?" मी विचारलं.

"तुमचा नंबर काढून घ्यावा लागेल. मग तुम्ही शर्यतीत नाही. आमची जबाबदारी संपली."

"मग मी कोण?"

तो जरा गोंधळला. "म्हणजे... तुम्ही साध्या बाई. रस्त्याने चाललेल्या."

"मग सोप्पं आहे." मी कमरेचा नंबराचा पट्टा सोडला, घोट्यावरची घड्याळाची पट्टी सोडली आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. "हे घ्या. आता मी साधी बाई. आणि फुटपाथ कुणाच्या बापाचा नाही."

मी फुटपाथवर चढले आणि पुन्हा पळायला लागले. गाडी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग मला मागे टाकून निघून गेली, आणि जाताना मागच्या काचेतून त्या दोघांपैकी एकाने केळं उंच करून मला सलाम केला.

रस्ता खुला झाला. मोटारी, बस, रविवारची खरेदी करणारी माणसं, सगळं एकदम अंगावर आलं. माझ्यासाठी आता कुणी काही अडवत नव्हतं. सिग्नलला लाल दिवा लागला तर मला थांबावं लागत होतं, आणि मी जागच्या जागी पाय हलवत थांबत होते, शेजारी पिशव्या घेतलेली माणसं. एका बाईने माझा ओला पोशाख आणि हातावरचा नंबर बघून विचारलं, "कुठून सुटलात?" मी म्हटलं, "झाडूगाडीतून." तिला काही कळलं नाही. हिरवा दिवा लागला.

बाजाराच्या कोपऱ्यावर समोरून माझा नवरा धावत येताना दिसला. कामावरचे जाड बूट, खांद्याला माझी पर्स. लग्नानंतर मी त्याला कधी धावताना बघितलं नव्हतं. त्याला धाप लागली होती, माझ्यापेक्षा जास्त.

"गाडी आली... तुझा नंबर घेऊन... तू नाहीस..." तो कमरेत वाकला. "मला वाटलं, पडलीस कुठे."

"पडले नाही. येतेय."

"लवकर ये मग. तिकडे तमाशा झालाय."

"कसला?"

"आई. त्या शेवटच्या रेषेवर खुर्ची टाकून बसलीय. ती लोकं कमान उतरवायला आली, खालची चटई गुंडाळायला आली, तर उठतच नाही. म्हणते, माझी सून यायची आहे."

मी उभीच राहिले. "कोण म्हणतं?"

"आई! चल ना. उद्या बोलू यावर."

आम्ही निघालो. तो बाजूने चालत होता, मी पळत होते, आणि वेग साधारण सारखाच होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्या दिवशी मी हसायला नको होतं."

"नको होतं," मी म्हटलं.

एवढंच. मैदानाचं फाटक दिसल्यावर मी त्याला म्हटलं, "आता तू पुढे जा. मला एकटीला आत यायचंय." तो पर्स सावरत पुढे पळाला.

मैदानावर बहुतेक सगळं आवरलं होतं. तंबू खाली आलेले, लाऊडस्पीकरच्या तारा गुंडाळलेल्या. हवा भरलेली मोठी कमान अर्धी बसली होती, दमलेल्या हत्तीसारखी एका बाजूला कलली होती. तिच्या खाली, चटईच्या बरोबर मध्यावर, घडीच्या खुर्चीत सासूबाई. दोन्ही हात हत्त्यांवर. त्यांच्याभोवती आयोजकांची चार-पाच माणसं, आणि त्यांच्यात चॅम्पियन, गळ्यात नवीन पदक, चेहरा लालबुंद.

"आई, ऊठ आता. लोक बघतायत."

"बघू देत. फुकट आहे."

"ती शर्यतीत नाही आता. तिचा नंबर काढून घेतलाय."

"नंबर काढलाय, सून काढली नाही ना?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी मला आधी बघितलं. उठल्या नाहीत, हात हलवला नाही, नुसती मान किंचित तिरकी केली. आयोजकांतला एक जण वळला, मग सगळे वळले. मैदान फार मोठं नव्हतं, पण मला ते संपेना. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण टाळ्या वाजवणारे केव्हाच घरी गेले होते. मी बुटांचा आवाज ऐकत आले. कमान माझ्या डोक्याला लागेल इतकी खाली आली होती, म्हणून वाकून आत शिरले, सासूबाईंच्या खुर्चीला वळसा घातला आणि रेषा ओलांडली. पलीकडे जाऊन मग गवतावर पडले.

आभाळ दिसत होतं. त्यात चॅम्पियनचं तोंड आलं. तो गुडघ्यावर बसला आणि स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून माझ्यापुढे धरलं.

"वहिनी, घ्या. तुमच्यासाठी."

"तुमचं आहे ते. तुम्ही कमावलंय."

"तुम्हाला मिळणार नाही. निकालात तुमचं नावही येणार नाही."

"मग आडनाव वाचलं की तुमचं," मी म्हटलं.

तो पदक हातात घेऊन बसून राहिला. मग त्याने माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, एकेक करून, आणि बूट काढून बाजूला नीट ठेवले. माझे पाय इतके सुजले होते की मला वाकताच आलं नसतं, आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं. त्याबद्दल मी त्याचे आभार मानले. चांगला माणूस आहे तो, फक्त लवकर पोचतो.

नंतर सासूबाईंना उठवायचा प्रश्न आला. इतका वेळ एका जागी बसून त्यांचे गुडघे धरले होते. ज्यांना इतका वेळ त्यांनी अडवलं होतं त्याच दोघा माणसांनी एका बाजूने आणि चॅम्पियन व नवऱ्याने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना खुर्चीसकट उचललं आणि मोटारीपर्यंत नेलं. त्या वरून रस्ता दाखवत होत्या. मी अनवाणी मागून चालले होते.

मोटारीत आम्ही दोघी मागच्या सीटवर. माझे पाय सरळ होत नव्हते आणि त्यांचे वाकत नव्हते. मला काहीतरी बोलायला हवं असं वाटत होतं.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

"तुझ्यासाठी कशाला?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मी आपली सावलीत म्हणून कमानीखाली बसले होते. तो झेंडेवाला येऊन मला म्हणतो, आजी, बाजूला व्हा. व्हा म्हणजे काय? ना कृपया, ना काही. मी म्हटलं, नाही होत."

"मग माझी सून यायची आहे, ते?"

"काहीतरी कारण सांगायला नको?" सासूबाई म्हणाल्या. "आणि एकदा सांगितल्यावर तू येईपर्यंत बसणं भागच होतं. किती वेळ लावलास!"

पुढे नवऱ्याचे खांदे हलायला लागले. मग मलाही हसू आलं, आणि हसताना पोटरीत असा गोळा आला की मी किंचाळले. सासूबाईंनी माझा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी पोटरी दाबायला लागल्या, कणीक तिंबावी तशी, जोरात, जराही दयामाया न दाखवता.